वीस मिनिटांचं पाणी

अप्पारावचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. सायकलच्या दांडीला व्हॉल्व्हची लोखंडी चावी बांधलेली, बारा किलोची, कमरेइतकी उंच. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात तो पाणी सोडणारा, मी खड्डे खोदणारा मजूर. दोघांनी बत्तीस वर्षं एकाच टाकीवर काढली. मोठा व्हॉल्व्ह उघडायला अडतीस आटे, बंद करायला अडतीस. तो तोंडानं मोजायचा. छत्तिसावर कधी थांबला नाही.

लाइन एकच, फाट्याफाट्यावर लहान व्हॉल्व्ह. आधी पुंडलिकनगरची घरं, मग मशिदीची गल्ली, शेवटी चिकलठाण्याकडची त्याची वस्ती. पाइप टाकला तेव्हा घरं तीनशे होती, पुढं दोन हजार झाली. पाइप तोच राहिला. दुष्काळात सहा दिवसांनी पाळी यायची, दीड तासाची. वस्तीतला नळ तेवढ्यात नुसता ओला व्हायचा.

सणाला पाणी सगळ्यांनाच हवं. हनुमान जयंतीला पुंडलिकनगरच्या देवळाचे नानासाहेब यायचे, सूर्य उगवायच्या आत अभिषेकाला पाणी पाहिजे म्हणायचे. रमजानात मशिदीचे गफूरचाचा यायचे, पहाटेच्या जेवणाच्या, सहेरीच्या आधी सोड म्हणायचे. अप्पाराव दोघांना एकच सांगायचा, "वेळ सरकवतो. मिनिट वाढवणार नाय."

टाकीवरच्या खोलीत त्यानं पंचांगाचं कॅलेंडर लावलं होतं, शेजारी मशिदीचं सहेरीचं वेळापत्रक. एकदा नवे साहेब म्हणाले, "सरकारी भिंतीवर हे कशाला?"

"लोकं ज्या घड्याळानं उठत्यात ते मला ठाऊक पाहिजे ना, साहेब."

त्याची स्वतःची बुद्ध पौर्णिमा वैशाखात, म्हणजे पाण्याचे सगळ्यांत वाईट दिवस. विहारात सगळ्या वस्तीची खीर व्हायची आणि ती करणारी त्याची बायको पारूबाई. नळाला पाणी नाही म्हणून ती बायकांना घेऊन कारखान्याच्या गेटपर्यंत चालत जायची. तिथला वॉचमन दोन घागरी भरू द्यायचा. येताना टाकीपाशी थांबून माझ्यादेखत म्हणायची, "साऱ्यांच्या सणाला तुमची चावी फिरती. आपल्या पुनवेलाच गंज चढतो व्हय तिला?"

शेवटच्या टोकाला वेळ सरकवून पाणी पोचत नाही. तिथं दुसऱ्याचं कमी करावं लागतं. पण वस्तीच्या नळाला एका पुनवेला तरी धार लागावी, हे त्याच्या मनात किती होतं ते मला माहीत होतं.

दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी रमजान आणि बुद्ध पौर्णिमा एकाच महिन्यात आली. पाळीही नेमकी पुनवेच्या पहाटेची. त्याच्या निवृत्तीला दोन महिने उरलेले. आदल्या दुपारी गफूरचाचा टाकीवर आले, बरोबर नानासाहेब. चाचांचा रोजा होता, म्हणून अप्पारावनं समोरचा चहा मागं सारला.

"अप्पा, कल तेरी पूनम है ना?" चाचा म्हणाले. "हमारी गली बीस मिनट पहले बंद कर. पानी तेरी बस्तीको जाने दे."

"आमचीही वीस मिनिटं घ्या," नानासाहेब म्हणाले. "ठरलंय आमचं."

चाळीस मिनिटांत वस्तीला धार लागली असती. हे मला कळत होतं, त्यालाही. त्यानं चावी उचलून पुन्हा भिंतीला टेकवली.

"चाचा, गल्लीच्या टोकाला आवडाबाई राहती. भाजीवाली. तिला इचारलं?"

"अरे, वो क्या ना बोलेगी?"

"तिच्या नळाला पाणी येतंच शेवटच्या वीस मिनिटांत."

नानासाहेब म्हणाले, "पाणी सोडणारा माणूस आणि इतका कोरडा, अप्पाराव!"

"मी टोकाला ऱ्हातो, नानासाहेब. म्हणून कळतं."

पहाटे त्यानं अडतीस आटे फिरवले. पूर्ण दीड तास पाणी सोडलं, सगळ्यांना. मग आम्ही वस्तीवर गेलो. पारूबाई नळाखाली घागर लावून उभी होती. नळ ओला झाला, तेवढंच. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. घागर कमरेला घेऊन गेटच्या वाटेला लागली. अप्पाराव दोन घागरी घेऊन मागं चालला.

"शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं," तो मला नंतर म्हणाला.

निवृत्तीचे पैसे आले. त्याचा मुलगा अतुल म्हणाला, वर एक खोली काढू. अप्पाराव मला विहारापाशी घेऊन गेला. हातात दोरी आणि खुंट्या होत्या, हौद आखायला. जे पाणी नळापर्यंत चढत नाही ते खड्ड्यात उतरतं, हे आम्हा दोघांना बत्तीस वर्षं माहीत होतं.

"मग आधी का नाय केलं?" मी विचारलं.

"पगारात जमलं नसतं. अन् वाटायचं, बन्सी, कधीतरी नळालाच येईल."

दोन फुटांवर मुरूम लागला, चार फुटांवर दगड. आम्ही दोघंही साठीचे. एकोणीस दिवस खोदलं. गवंड्यानं आतून सिमेंट केलं, नळाचा पाइप खालून आत घेतला, वर झाकण बसवलं. दर पाळीला आत चार बोटं पाणी जमायचं. कुणाचं मिनिट कमी झालं नाही.

पुढच्या वर्षी वैशाखाच्या पुनवेला पारूबाईनं पहिली घागर काढली. खीर विहाराच्या दारातच शिजली. त्याही वर्षी गफूरचाचांचा रोजा होता, त्यांची खीर डब्यात गेली, दुसऱ्या डब्यात आवडाबाईची.

नळ अजून शेजारीच आहे. दर पुनवेला अप्पाराव तो एकदा फिरवून बघतो, थोडा वेळ थांबतो, पुन्हा बंद करतो. मग हौदाचं झाकण काढतो. सात फूट लांब, पाच फूट रुंद, सहा फूट खोल. बत्तीस वर्षांच्या नोकरीतून त्यानं एवढंच बांधलं.