पाहुण्यांचा पहिला नेम

ती सकाळ अजून मनातून जात नाही. तेव्हा मी तीर्थपुरीजवळच्या एका गावची पोलीस पाटील होते. शाळेच्या मैदानावर मुलांना छर्र्याच्या बंदुकीने नेमबाजी शिकवत. शिकवणारे दोघे, एक गुरुजी आणि एक कापड दुकानदार. दोघेही हौसेने, बिनपगारी. त्यासाठी त्यांनी जालन्याला जाऊन रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं.

त्या दिवशी स्पर्धेचं उद्घाटन होतं. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष पाहुणे होते. मी घरीच होते, तेवढ्यात शाळेच्या शिपायाचा फोन आला. "पाटीलबाई, जल्दी या. दुकानदाराच्या डोळ्यात छर्रा घुसला."

मी पोलीस ठाण्याला कळवलं आणि मैदान गाठलं. जखमीला दवाखान्यात नेलं होतं. पाहुणेही निघून गेले होते. जमादार आले, पंचनामा झाला. गुरुजींनी जबाब दिला की नववीतल्या एका मुलीने न विचारता बंदूक उडवली. दुकानदार नेमाचा नवा कागद लावायला वाकला होता, त्याने काही पाहिलं नव्हतं.

ती पोर पोलिसात जायचं म्हणून रोज पहाटे पळायची. तिची आई माझा हात सोडेना. "एकदा नाव लागलं की कोण घेईल हिला?"

मी पोरीला घेऊन पायरीवर बसले. मला फार बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं. शेवटी तीच बोलली.

"मावशी, पाहुणे आल्ते तवा आम्ही बंदुका उघडून, रिकाम्या करून टेबलावर ठेवल्या. रेषेच्या मागं उभं होतो. पुढं माणूस असला की बंदुकीला हात लावायचा न्हाई, गुरुजींनीच शिकवलंय."

"मंग भरली कोणी?"

"गुरुजींनी. पाहुण्यांना नेम धरून फोटो काढायचा होता."

मी ते जमादारांना सांगितलं. त्यांनी गुरुजींना पुन्हा समोर बसवलं. "पोरांना नियम बराबर शिकवला?"

"बिलकुल, साहेब."

"अन् पाहुण्याला?"

गुरुजींनी हात जोडले. "साहेब, त्यांच्याच शाळेत नोकरी करून राह्यलो. शाल घालून झाली, ते म्हणाले, आण इकडं, अन् चाप ओढला. त्यांचा हात कसा धरू?"

"पोरीचं नाव बरं घेता आलं!"

गुरुजी रडले. जबाब बदलला, पोरीचं नाव कागदावरून काढलं गेलं. दुकानदाराचा डोळा मात्र गेला. त्यानेच लिहून दिलं, चुकून झालं, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. प्रकरण अपघात म्हणून मिटलं. पोर परत त्या मैदानावर गेली नाही.

गावातली भांडणं, चोऱ्या मी पुष्कळ पाहिल्या. तिथे माणूस रागाने किंवा लोभाने चुकतो. इथे नियम सगळ्यांना पाठ होता. पोरांना कसं थांबवायचं हे त्या दोघांना शिकवलं होतं, साहेबाला कसं थांबवायचं हे कोणी शिकवलं नव्हतं.

मागच्या वर्षी त्याच शाळेत नव्या शिकवणाऱ्यांचं प्रशिक्षण झालं. मलाही बोलावलं होतं. धीर करून मी उठले. "पाहुण्यानं बंदूक मागितली तर?"

"पाटीलबाई, पाहुण्याला कोणी न्हाई म्हणतं का?" प्रशिक्षण देणारा म्हणाला.

सगळे हसले. पुढच्या रांगेत काळा चष्मा लावून तो दुकानदार बसला होता. तोही हसला.