एकाच तुकड्यातली नावं

"फाइल बाहेर द्यायची तर अक्षरं कर्व्ह करूनच द्यावी, मग कुणी हात लावू शकत नाही," असं ज्योतीराम एकदा दुकानाचा मालक शेखरला म्हणाला होता.

औशाकडून आलेला हा माणूस सतरा वर्षं रहाटणीतल्या त्या दुकानात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करत होता. कर्व्ह केलं की अक्षर हे अक्षर उरत नाही, नुसती आकृती होते. मग दुसऱ्याच्या मशिनवर वेलांटी सुटत नाही की जोडाक्षर फुटत नाही.

लेकीची, करिष्माची पत्रिकाही त्यानंच केली होती. बायको दुर्गाबाई शेजारच्या स्टुलावर बसून सांगायची, हे अक्षर किडकिडीत दिसतंय, जरा भरल्या अंगाचं घ्या. पत्रिका छापायच्या आतच ती गेली. काविळीचं निमित्त झालं, अकरा दिवसांत सगळं आटोपलं.

लग्नाची तारीख पुढं गेली. व्याही हिंदुराव चाकणकडून मुद्दाम येऊन बसले. कन्यादान जोडप्याच्याच हातून व्हायचं, तेव्हा ते ज्योतीरामचा धाकटा भाऊ निरंजन आणि त्याची बायको करतील, असं ठरलं.

"पर पत्रिकेत बोलावणारा बाप तुमीच," हिंदुराव म्हणाले. "तुमचं नाव हलायचं न्हाई."

जुना कॉम्प्युटर मधल्या काळात जळाला होता. उरली होती व्याह्यांना मोबाइलवर पाठवलेली पीडीएफ. ज्योतीरामनं ती उघडली. सगळी अक्षरं कर्व्ह झालेली; कर्सर कुठंच बसेना. शेखर म्हणाला, दुसरा फाँट घ्या, दहा मिनिटांत टाइप होईल. ज्योतीरामनं नकारार्थी मान हलवली. अक्षर दुर्गाबाईनं निवडलेलं होतं.

दुपारभर तो एकेक आकडा त्याच पत्रिकेत दुसरीकडून उचलून नव्या तारखेत बसवत राहिला. शेवटी निमंत्रकाची ओळ आली. तिथं दोघांची नावं शेजारी शेजारी होती. दुर्गाबाईचं तेवढं काढायचं होतं. त्यानं ते धरलं, डिलीट दाबलं, आणि अख्खी ओळ गेली. दोन्ही नावं त्यानंच कधीतरी एका तुकड्यात बांधली होती.

"काका, तुमचंपण उडालं की," शेखर मागून म्हणाला. "कंट्रोल झेड मारा, परत येईल. मी तोडून देतो वेगळं."

ज्योतीराम त्या पांढऱ्या जागेकडं पाहत राहिला. एकट्याचं नाव तिथं कसं दिसेल, ते त्याला दिसलं असावं. निरंजनचं आणि त्याच्या बायकोचं नाव त्यानं त्या जागी टाइप केलं. फाँट जरा वेगळा होता. फाइल सेव्ह केली, छपाईला लावली.

"अहो काका, करिष्मा काय म्हणेल?"

त्यानं चष्मा खिशात घातला, खुर्ची आत सरकवली आणि तो दुकानाची पायरी उतरला.