दारातलं भात

चौक गावात माझा मोटारी दुरुस्त करायचा धंदा होता. खोताची जुनी मोटार त्याच्यासारखीच आडमुठी. एकदा तिची काच वरच जाईना. दाराचा आतला पत्रा काढला, तर काच उचलणाऱ्या दात्यांत भाताचे दाणे. दसऱ्याला कुळं गाडीला नव्या भाताच्या लोंब्या बांधायची, त्यातलेच गळलेले.

त्या वर्षी लोंब्या बांधणारा म्हातारा तिथंच होता. खिडकीची वरची चौकट धरून, वाकून आत बसलेल्या खोताला विनवत होता, "मालक, जमीन काढू नका. आमी खायाचं काय?"

मी दाणे काढले, तेल सोडलं. "फिरवून बघा," म्हणालो.

खोतानं हँडल फिरवलं. काच सरसर वर गेली आणि म्हाताऱ्याची बोटं चौकटीत चेपली. तो कळवळला. खोत हँडलवर आणखी जोर देत मला म्हणाला, "अजून अडकतेय रं."