पुतळाबाईची साक्ष

कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन आला, तेव्हा पुतळाबाईने आतून कडी लावून घेतली. कोर्ट म्हणजे पोलीस आणि पोलीस म्हणजे तुरुंग, एवढंच तिला ठाऊक. बेलिफ दाराला कागद चिकटवून गेला. तिने तो फाडून खाडीत टाकला.

दावा तिच्या सख्ख्या भावाने, हरेशने लावला होता. नवरा वारल्यावर ती कोपरखैरणे गावात माहेरी आली, अंथरुणाला खिळलेल्या बापाचं तिनेच सगळं केलं. बाप गेल्यावरही ती त्याच घरात राहिली. आता हरेशला तिथे इमारत उठवायची होती. बहीण माझ्या परवानगीने राहते, तिला घर खाली करायला लावा, असं त्याचं म्हणणं.

भीतीने ती तारखेला गेलीच नाही. दावा एकतर्फी चालवायचा हुकूम झाला. शेजारच्या संध्याला हे कळलं, तशी ती पुतळाबाईला ओढतच वकील सुमेधाताईंकडे घेऊन गेली.

"मावशी, असल्या दाव्यात तुम्हाला कोणी आत टाकणार नाही," सुमेधाताई म्हणाल्या. "पण हजर झाला नाहीत तर घर जाईल."

त्यांनी अर्ज करून तो हुकूम रद्द करून घेतला, पुतळाबाईची बाजू लेखी मांडली.

साक्षीच्या दिवशी बेलापूरच्या कोर्टात ती कठडा धरून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढली. हरेशच्या वकिलाने आवाज चढवला, "भावाच्या परवानगीने राहता ना? हो की नाही?"

"हो," ती पुटपुटली.

वकील लगेच खाली बसला. आपण काय बोलून बसलो ते हरेशच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. गेलं घर!

सुमेधाताईंनी फेरतपासणीची परवानगी मागितली. "मावशी, भाऊ नेमकं काय म्हणाला होता?"

न्यायाधीशांनी तिला पाणी द्यायला लावलं.

"बापूस गेला तवा बोलला," ती कशीबशी म्हणाली, "बाय, तू कुटं जाव नको. घर आपल्या दोगांचा हाय."

हरेशने मान खाली घातली. न्यायाधीशांनी तिचं बोलणं लिहून घ्यायला सांगितलं.

पुढे निकाल लागला. बापाच्या घरात मुलीचाही हक्क आहे, भाऊ तिला बाहेर काढू शकत नाही, म्हणून दावा फेटाळला. कोर्टाच्या जिन्यात हरेश तिला आडवा आला.

"मी अपील करनार."

पुतळाबाईने सोबत आलेल्या संध्याचा हात घट्ट धरला.

"कर," ती म्हणाली. "मी येन."