आग्नेल सेटवर काय बोलत होता

उत्तर काश्मीरमधल्या त्या पोस्टवर आमची प्लाटून पूर्ण हिवाळा होती. सकाळी बर्फ काढायचं, मग पेट्रोल म्हणजे गस्त, संध्याकाळी हत्यारं साफ करून जेवण. जेवण झालं की बुखारी पेटवून त्या शेगडीभोवती बसून रोज एका जवानाने स्वतःच्या घरची गोष्ट सांगायची, हा सुभेदार साहेबांचा नियम. थापा चालतील, पण घरच्याच हव्यात. पाळी चुकवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी भांडी घासावी लागत.

नाईक आग्नेलने कधी भांडी घासली नाहीत. तो समुद्रकाठच्या उत्तन गावचा, आमचा रेडिओ ऑपरेटर. दुसऱ्याची पाळी असली तरी मधे तोंड घालायचा. त्याची होडी, वाळत घातलेले बोंबील आणि बायको फिलोमिना आम्हाला न बघता पाठ झाले होते.

एके दिवशी पेट्रोलवरून परतताना बर्फ सरकलं. मी सगळ्यात मागे होतो, थेट नाल्यात गेलो. पाय दगडाखाली अडकला. बाकीच्यांना खाली उतरता येईना, म्हणून ते दोर आणायला पोस्टकडे गेले. वारा सुटला होता. पुढे चालणारा मागच्याला दिसेल इतकाही उजेड नव्हता, त्यामुळे साहेबांनी रेस्क्यू पार्टी रोखून धरली. पेट्रोलचा रेडिओ सेट माझ्या पाठीवर होता, म्हणून आज मी हे लिहितोय.

"सोना नहीं है. बोलते रहो. ओव्हर," साहेब म्हणाले.

मला बोलावंसं वाटत नव्हतं. थंडी वाजायची थांबली होती आणि झोप फार गोड लागत होती. मग सेटवर आग्नेल आला.

"ऐकतोयस का? माझं लग्न कसं जमलं ते सांगतो. ओव्हर."

"ऐकलंय. ओव्हर."

"मग परत ऐक. कुठे चुकलो तर टोक. ओव्हर."

गावच्या चर्चचा सण, ओहोटीची वेळ. नवी साडी नेसलेली फिलोमिना किनाऱ्यावरच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतली. आग्नेलने तिला खांद्यावर घेऊन चर्चच्या दारापर्यंत नेलं. सगळ्या गावाने पाहिलं, मग सासरा काय करणार? ही गोष्ट त्याने किती वेळा सांगितली देव जाणे. साडी मधेच हिरवीची निळी व्हायची आणि मी चिडून टोकायचो. तो मुद्दाम चुकत होता हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. वारा पडेपर्यंत त्याने मला असं भांडायला लावून जागं ठेवलं.

रेस्क्यू पार्टीत तो स्वतः आला. ऑपरेटरने पोस्ट सोडायची नसते. साहेबांना काय सांगून निघाला, माहीत नाही. दगड त्यानेच हलवला. मला स्ट्रेचरवर बांधून वर घेतलं, तो शेवटी निघणार होता. तेवढ्यात वरून पुन्हा बर्फ आलं. आम्ही खणत राहिलो, म्हणजे बाकीचे खणत राहिले, मी पडून बघत होतो. तो सापडला तेव्हा श्वास नव्हता.

रिटायर झाल्यावर मी मीरा रोडला पूनम सागरमध्ये मुलीकडे राहायला आलो. झेंडावंदनाला सोसायटीवाले मला ही हकीकत सांगायला लावतात. सेक्रेटरी दरवर्षी कानात सांगतो, "सर, थोडा जोश में बोलिए." मला आता जोश येत नाही. गुडघा दुखतो आणि तेच तेच शब्द तोंडात येतात. 'आग्नेलने मला बोलतं ठेवलं' एवढं म्हणून मी पुढे सरकतो. चिखलाची गोष्ट काय माईकवर सांगायची?

यंदा त्यांनी उत्तनहून फिलोमिना वहिनींना पाहुण्या म्हणून बोलावलं. शाल झाली, फोटो झाले. लोक समोशाकडे वळले तसं त्यांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली.

"भाऊ, तो कसा गेला ते मला पाठ हाय. साहेब लोकांनी सांगितलं, फादरनी सांगितलं, तुमी बी सांगता. सेटवर काय बोलत व्हता ते कोणी सांगितलं न्हाय."

"तुमच्याबद्दलच बोलत होता, वहिनी."

"काय?"

मी सांगायला लागलो. सण, ओहोटी, साडी. माईकशिवाय, हळूहळू, त्याने सांगितलं होतं तसंच. किती वर्षांनी मला सांगताना कंटाळा आला नाही. चिखलात रुतल्याचं आलं तशा वहिनी ताठ बसल्या.

"कोण रुतलं?"

"तुम्ही. आणि त्याने खांद्यावर..."

"मी न्हाय. त्यो रुतला. पँट नवी, कमरेपर्यंत चिखल. कॉलरला धरून मी ओढून काढला त्याला. चपला अजून तिथंच असतील." त्यांना हसू आवरेना. हातातली समोशाची प्लेट हलत होती. "सगळ्या पलटणीला असं सांगितलंन?"

"सगळ्या पलटणीला."

"खोटारडा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, प्लेटमध्ये बघत म्हणाल्या, "ये तू घरी. मग बघते तुला."