यानापुढचा नारळ

“निघालीस? ब्रेक बघितला का?”

सायकलवरून शाळेला निघालेल्या पोरीला आबा हे विचारत आणि माहेरी निघालेल्या सुनेलाही हेच विचारत. एकदा आमच्या रेल्वे चाळीवरून वरात चालली होती, तर आबांनी हात करून घोडा थांबवला आणि घोडेवाल्याला तोच प्रश्न टाकला. तो बिचारा वाकून घोड्याच्या पायांकडे बघायला लागला. नवरदेव मुंडावळ्यांतून खुसुखुसू हसत होता.

नोकरी संपते पण नोकरीतलं वाक्य तोंडातून जात नाही, असं एखादं माणूस तुमच्याही शेजारात असेल. आबा घाटातल्या इंजिनावर ड्रायव्हर होते. कर्जतहून गाडी खंडाळ्याचा घाट चढते तेव्हा तिला मागून रेटायला जादा इंजिन लावतात. त्याला बँकर म्हणतात. आबांची सगळी हयात त्या बँकरवर गेली. गाडी वर आली की बँकर सुटायचं, गाडी पुण्याला निघून जायची आणि आबा आमच्या लोणावळ्यात चहा पीत बसायचे. “उतारूंनी माजं त्वांड कदी बघितलं न्हाई,” ते सांगत, “आन मी त्यांचं. मला आपलं डब्याचं ढुंगान तेवढं ठावं.” बायका पदर तोंडाला लावत. मी लावत नसे, मोकळी हसत असे. चाळीतल्या बायकांचं माझ्याविषयीचं मत त्यामुळं आधीच ठरलेलं होतं.

मी तेव्हा गावातल्या शाळेत शिवण शिकवत होते आणि माझे यजमान बुकिंग ऑफिसात होते. टीव्ही नुकता कुठं सुरू झाला होता, आणि चाळीतला पहिला टीव्ही आमच्याकडे आला. डोंगरांच्या कृपेनं चित्र कमी दिसायचं, मुंग्याच जास्त. यजमान कौलांवर चढून अँटेना फिरवत आणि वरून ओरडत, “आलं का?” आम्ही खालून ओरडत असू, “आलं, आलं… गेलं!” संसारात आम्ही एकमेकांशी एवढं दुसरं कधीच बोललो नाही.

त्या टीव्हीवर आठवड्यातून एकदा मुलांसाठी एक मालिका लागायची. एक यान, त्याचा कप्तान, एक खुळा यंत्रमानव, आणि दर खेपेला नवा ग्रह. चाळीतली सगळी चिल्लीपिल्ली आमच्या खोलीत येऊन बसायची. आबा नुकतेच रिटायर झाले होते, बायको कधीच गेलेली, मुलगा गावाकडं कार्ल्याजवळ शेती बघत होता. पहिल्यांदा आले ते दारातूनच म्हणाले, “बाई, किती वाजलं वं? माजं घड्याळ बंद पडलंया.” मी वेळ सांगितली. तरी उभेच. पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला पुन्हा घड्याळ बंद. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी दाराशी एक पाट टाकला.

म्हाताऱ्या माणसानं पोरांचा कार्यक्रम बघायचा याची त्यांना खरोखर लाज वाटायची. कोणी मोठं माणूस आलं की लगेच म्हणायचे, “हे पोरांचं चाललंय. मी आपला टेकलोय वाईच.” पण एकदा का यान सुटायची वेळ झाली की लाज वगैरे सगळं विसरत. “शिट्टी न्हाई, झेंडी न्हाई, निगालाच ह्यो! ब्रेक बघितला का रं?” कप्तान काही ऐकायचा नाही. तो दहापासून उलटे आकडे मोजायला लागला की आबा पोरांना विचारत, “आरं, उलटं कशाला मोजतोय त्यो? साळंत न्हाई का गेला?” पोरं हसून लोळायची.

यान वर गेलं की त्याचा मागचा भाग सुटून खाली पडायचा. ते नुसतं चित्र दाखवायचे, क्षणभरच. तेवढ्या क्षणासाठी आबा पाटावर पुढं सरकायचे. “सुटला बँकर!” ते म्हणायचे, आणि मग पुढच्या ग्रहावर काय होतंय याच्याकडं त्यांचं फारसं लक्ष नसायचं. एकदा ते मला म्हणाले, “बाई, ह्यांच्या गोष्टीत मागनं ढकलनाऱ्याला जागा हाय. लय बरं वाटतं.” मी शिवणाच्या कपड्यातून मान वर केली नाही, पण ते वाक्य मला लागलं.

पुढं ती मालिका संपली. आमच्याच गावचा एक सुतार मुंबईला टीव्हीच्या मालिकांचे सेट उभारायचा. त्यानं त्या मालिकेचं सगळं सामान मागून घेतलं आणि टेम्पोत घालून घाट चढवून आणलं. नवरात्रात शाळेच्या हॉलमध्ये त्याचं प्रदर्शन मांडायचं ठरलं, ते कोजागिरीपर्यंत. लखलखीत रुपेरी यान, यंत्रमानवाचं तुपाच्या डब्याचं डोकं, जुन्या रेडिओच्या बटणांचं कप्तानाचं टेबल, बॅटरीची केलेली पिस्तुलं. मी देखरेखीला होते. ‘कृपया हात लावू नये’ ही पाटी माझ्याच अक्षरातली.

आबांनी मला जिन्यात गाठलं. इकडं तिकडं बघून हळूच विचारलं, “बाई, मोठ्या मान्साला आत सोडत्यात का?”

“सोडतात की. या ना.”

“न्हाई, म्हंजे संगं पोरगं न्यावं लागतं का?”

“मी आहे ना आबा. मी नेते तुम्हाला.”

ते आले ते नेमके खंडेनवमीला. आमच्याकडं रेल्वेत त्या दिवशी इंजिनाची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक असेल. शेडमध्ये इंजिन धुतात, झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू लावतात आणि नारळ फोडतात. फोडतात म्हणजे इंजिनाच्या बफरवरच हाणतात. बफर म्हणजे पुढचं ते मोठं लोखंडी बूच. त्यावर आपटला की नारळाची एका दणक्यात दोन भकलं. कितीतरी वर्षं तो नारळ आबांनी फोडला होता. त्या साली दुसरा ड्रायव्हर फोडणार होता. शेडमधून बोलावणं आलं होतं, पण आबा गेले नाहीत. “रिटायर मान्सानं कशाला मदी मदी करावं,” म्हणाले.

दुपारी हॉलमध्ये ही गर्दी. आबा धुवट धोतर, टोपी, हातात पिशवी अशा थाटात आले. दारातच वहाणा काढल्या. मी म्हटलं, काढायची गरज नाही, तर म्हणाले, “असू द्या.” यानाभोवती दोरी होती. त्यांची नजर बघून मी ती दोरी वर उचलली आणि त्यांना आत घेतलं. मला वाटलं, आपण किती चांगलं काम केलं.

ते यानाभोवती हळूहळू फिरले. मागं गेले तर मागची बाजू उघडी होती, कच्च्या फळ्या आणि पुठ्ठा. कॅमेरा तिकडं कधी जातच नसे. “बाई, त्यो मागचा कुटंय? सुटनारा?” मी सांगितलं, तो केलाच नव्हता, नुसतं चित्र होतं. “बरं, बरं,” एवढंच म्हणून ते पुढं आले. मग पिशवीतून झेंडूची माळ काढून यानाच्या नाकाला घातली. कुंकवाचं बोट लावलं. मी पाटीकडं बघितलं, पण अडवलं नाही. माणसं कौतुकानं बघत होती. कोणीतरी म्हणालंसुद्धा, “वा आबा!” आणि मग काय होतंय हे मला कळायच्या आत त्यांनी पिशवीतून नारळ काढला, वर नेला आणि यानाच्या पुढच्या पायावर हाणला.

नारळ फुटला नाही. यान फुटलं.

कापडाचे तागे ज्यावर गुंडाळून येतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या असतात ना, त्यांना रुपेरी रंग देऊन ते पाय केलेले होते. पाय मध्येच मोडला, यान पुढं कलंडलं, दुसरा पाय दुमडला, आणि सगळा डोलारा दिव्यांच्या फळीसकट कप्तानाच्या टेबलावर कोसळला. यंत्रमानवाचं डोकं भिंतीपर्यंत जाऊन खणखण वाजत राहिलं. नारळ तसाच साबूत, लोकांच्या पायांतून घरंगळत गेला.

मग जो हशा उठला तो माझ्या कानांत अजून आहे. पोरं हसली ते समजू शकते, पण चांगले जाणते लोक भिंतीला धरून हसत होते. आबा हात तसाच अर्धवट वर धरून उभे होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. एवढ्या वयाच्या माणसाला मी तोवर लाजेनं लाल झालेलं पाहिलं नव्हतं, आणि पाहायला लागू नये.

हेडमास्तर धावत आले. “कोण हे? कोणी आत सोडलं यांना? कुणाबरोबर आलेत?”

“माझ्याबरोबर,” मी म्हटलं. “आमचेच आहेत.” आवाज फार बारीक निघाला. सगळा हॉल माझ्याकडं वळला होता.

“वर पुट्टा हाय ते दिसलं मला,” आबा माझ्याशीच बोलत होते, हळू. “नाटकाचं हाय ते काय कळत न्हाई व्हय मला? पन बाई, उबं ऱ्हायाला तरी लोखंड लागंल ना? मला वाटलं पाय तेवढं लोखंडाचं आसत्याल.”



हॉलला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी दसरा. बंद झाल्याचं कळवणार कुणाला आणि कसं? सकाळी कार्ल्याकडची पोरं एसटीनं आली, काही चालत आली, नवे कपडे घालून. मी शाळेकडं गेले तर फाटकाशी आबा उभे. येणाऱ्या प्रत्येक घोळक्याला स्वतः थांबवून सांगत होते, “बंद झालंया, पोरांनो. माज्या हातनं मोडलं. जावा घरला.” कोणी त्यांना असं करायला सांगितलं नव्हतं. एक बारकी मुलगी रडायला लागली. तिच्यापुढं ते खाली बसले. नुसतं, “व्हय, व्हय, माजंच चुकलं,” म्हणत राहिले. थोडी मोठी पोरं लांब जाऊन ओरडली, “नारळआबा!” ते नाव तिथंच पडलं आणि चिकटलं.

“आबा, घरी चला,” मी म्हटलं. “नुसती पाटी लावू आपण.”

“पाटी हुती की बाई,” ते म्हणाले. “वाचली कुटं मी.”

ते दिवस मावळेपर्यंत तिथंच होते. मी त्यांना दोनदा चहा नेऊन दिला. सोनं द्यायला मात्र कोणी त्यांच्यापाशी थांबलं नाही, आणि मीही आपट्याचं पान पिशवीत विसरून घरी आले होते.

सुतार रविवारी मुंबईहून आला. यानाचा पसारा पाहून तो आधी कपाळाला हात लावून बसला आणि मग मोठ्यानं हसला. आबांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “जाऊ द्या हो आबा! प्रदर्शन झालं की आम्ही हे जाळूनच टाकणार होतो.” तो मनानं भला होता, त्याला वाटलं आपण ओझं उतरवलं. आबांनी त्याचा हात हळूच बाजूला केला. “तुमी जाळनार हुता ते मागनं,” ते म्हणाले. “पोरं आदी येनार हुती.”

त्यानंतर आमच्या दाराशी पाट राहिला, पण आबा आले नाहीत. मी बोलावलं. यजमानांनी बोलावलं. मुलांसाठी दुसरी मालिका सुरू झाली तेव्हा पोरं त्यांना हाताला धरून ओढायला गेली. त्यांनी दार लावून घेतलं. चूक माफ झाली की माणूस सुटतो असं म्हणतात. ज्यानं हे म्हटलं त्यानं हॉलभर माणसांचं हसू कधी ऐकलं नसावं.

पुढच्या खंडेनवमीला शेडमधल्या मंडळींनी काय मनात आणलं कोण जाणे, चार जण येऊन आबांना घेऊन गेले. नारळ तुम्हीच फोडायचा, ऐकणार नाही, म्हणाले. आम्ही चाळीतल्या बायकाही पूजेला गेलो होतो. इंजिन धुऊन लख्ख केलेलं, माळा घातलेल्या. आबांचंच जुनं बँकर. त्यांच्या हातात नारळ दिला. सगळ्यांनी जागा केली. कोणी हसलं नाही, हे सांगायला हवं.

आबा बफरपुढं जाऊन उभे राहिले. नारळ डाव्या हातात घेतला. आणि उजव्या हाताचं बोट वाकवून, दारावर टकटक करतात तसं, त्यांनी बफर वाजवून बघितला. जन्मभर ज्याच्या जोरावर गाड्या घाट चढवल्या ते लोखंड. एकदा वाजवला. कान देऊन परत वाजवला. मी मान खाली घातली.

मग त्यांनी वळून नारळ शेजारच्या तरुण ड्रायव्हरच्या हातात ठेवला. “तू फोड बाबा,” म्हणाले. “माज्या हाताचा मला भरवसा न्हाई.”

त्यानं फोडला. भटजींनी आरती म्हटली. प्रसाद वाटायला लागले तोवर आबा तिथून निघून गेले होते. कोणी म्हणालं घरी गेले, कोणी म्हणालं स्टेशनाकडं जाताना पाहिलं. संध्याकाळच्या गाडीनं ते मुलाकडं गेले ते पुन्हा चाळीत राहायला आलेच नाहीत. तिकडंच वारले.

त्या दिवशी त्यांच्या वाटणीचं खोबरं मी मागून घेतलं होतं आणि पदराला बांधून घरी आणलं होतं. खोलीला कुलूप बघूनही आज ना उद्या येतील म्हणून ते झाकून ठेवलं. ते वास मारायला लागलं तेव्हा यजमान म्हणाले, टाकून दे. प्रसाद टाकायचा कसा, म्हणून मी एकटीनंच ते खाल्लं.