न उघडलेली पेटी

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. प्रोस्टेटचं ऑपरेशन पोट न फाडता दुर्बिणीतून होतं, याचंच आमच्या जळगाव जामोदात अप्रूप होतं. काकांची लघवी अडायची, म्हणून मी त्यांना बसने खामगावला नेलं. तिथल्या एका दवाखान्यात मुंबईचे डॉक्टर आले होते. त्यांचं नाव विसरलो. दुर्बिणीची पेटी टेबलावर बंद होती आणि त्यांचा तळवा सारखा तिच्या झाकणावर होता, कोणी घाईने उघडू नये म्हणून ठेवल्यासारखा.

त्यांनी काकांच्या सुजलेल्या पायावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला.

"रात्री झोपता कसे?"

मीच सांगून टाकलं, "शेतात, मचाणावर बसून. रानडुकरांची राखण करतात."

"मी त्यांना विचारलं."

काका म्हणाले, "आडवं झालो का दम कोंडते, साहेब. डुकराचं तं नुसतं नाव हाय."

डॉक्टरांनी पेटी बाजूला सारली. "हृदय थकलंय, आत्ता ऑपरेशन झेपणार नाही. आधी हृदयाचा इलाज करू. तोवर लघवीला नळी राहील."

"मग दुर्बीण कशाला आणली?" मी चिडलो.

"कोणाला घालायची नाही, ते दुर्बिणीतून दिसत नाही," ते शांतपणे म्हणाले आणि पुढच्या माणसाच्या पायांकडे बघू लागले.

परतीच्या बसमध्ये मी कुरकुरत राहिलो.

"डाक्टर चांगला हाय बे," काका म्हणाले. "मी झोपतो कसा, हे त्यानं इचारलं. घरात कोनं इचारलं होतं?"